सात ओळी आणि बेचाळीस पानं

६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, दादाचे अनेक आशीर्वाद आणि एक दटावणी.

पत्र काल पोचलं. फोनवर तुझा खोकला मध्ये पडतो आणि निम्मं बोलणं त्याचंच होतं, म्हणून आपण पुन्हा कागदावर आलो. यात माझं काही नुकसान नाही. फोनवर तू मला बोलू कुठे द्यायचीस? पण चार पानं भरून पडद्यांची, शेजारणीच्या मांजराची आणि मेहुण्यांच्या नव्या चष्म्याची हकीकत लिहायची, आणि खरी बातमी शेवटच्या दोन ओळींत, दुमडीत टाचणी राहून जावी तशी ठेवायची, ही कुठली पद्धत? दटावणी ती याबद्दल.

तर छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तुला नळीत फुंकायला लावलं आणि तुझा दम वयाच्या मानानं पुष्कळ कमी भरला. कापडाचे बारीक तंतू आत जातात आणि श्वासनळ्या सुजतात, असं त्या म्हणाल्या. झाडू बंद, फडकी झटकणं बंद, आणि शिवणाच्या खोलीसाठी हातात धरायचा छोटा व्हॅक्यूम क्लीनर आणा, नाहीतर शिवण सोडा. तीस वर्षं पडदे शिवणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे मला यापुढे तोंड बंद ठेवून संस्कृत शिकवा म्हणण्यासारखं. माझ्या विद्यार्थ्यांना ती योजना फार आवडेल, हा भाग वेगळा.

बाबांचं नाव तू काढलं नाहीस. मीही काढणार नव्हतो. पण गिरणीच्या पिंजण खात्यातून ते घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापूस असायचा आणि आपण दोघं तो फुंकून उडवायचो, हे मला काल वर्गात आठवलं आणि मी मध्येच थांबलो. मुलांना वाटलं, सरांचा शब्द हरवला. बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी छातीनंच गेले. तू एक्कावन्नची आहेस. मला गणित कधीच आलं नाही, पण एवढी वजाबाकी येते.

यंत्राची निवड माझ्यावर सोपव. तुला काय काय हवं ते सविस्तर कळव. आणि खरं लिही.

माझ्यावरचा लोभ आहे तेवढा पुरे, दम मात्र वाढव.

तुझा दादा

*

१३ फेब्रुवारी

ती. दादास भिंगरीचा शि. सा. न. (पुढचं वि. वि. तूच भरून घे. विद्वानाला सगळं लिहून कशाला द्यायचं?)

खरं लिही म्हणालास म्हणून लिहिते. मी कापड बेतताना मध्येच कात्री थांबवते आणि ऐकते. खोकला संपला की शेवटी एक बारीक शिट्टी वाजते. तुला आठवते ना बाबांची? ते पायऱ्यांवरून वर यायच्या आधी ती शिट्टी वर यायची आणि आई चहा ठेवायची. तीच आहे, दादा. तोच सूर. ह्यांना मी सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, बायको गुणगुणते आहे.

आता खोली कशी आहे ते ऐक. मध्ये बेतायचं टेबल, त्याखाली अस्तराचे तागे. भिंतीला दोन मशिनी, एक साधी, एक ओव्हरलॉकची. ओव्हरलॉक कापडाची कड कातरत जाते, तेव्हा तिच्या पायाशी पिठासारखा भुगा पडतो. सुईखालच्या दातेरी पट्टीत तंतूंचा नमदा बसतो, तो आत्तापर्यंत मी फुंकून काढायचे. हो, फुंकूनच. रागावू नकोस. सध्या एका शाळेच्या सभागृहाचे बारा मखमली पडदे हातात आहेत आणि मखमल म्हणजे झडणारं मांजरच.

तेव्हा यंत्र माझ्या मोठ्या कात्रीहून जड नको, हात भरून आला की दम लागतो. तारेचं लोढणं नको. तोंडाला चिंचोळी नळी हवी, पट्टीच्या फटीत जाणारी. आणि जे ओढलं ते मागच्या बाजूनं परत माझ्याच तोंडावर सोडणारं नको. हे म्हणाले की मोठंच घे. त्यांना सगळंच टनावारी लागतं, लिफ्टचे मेकॅनिक ना.

वहिनीला विचारून घे. तू एकटा दुकानात गेलास तर शब्दकोश घेऊन येशील.

माया पातळ होऊ देऊ नये.

भिंगरी

*

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद. कार्य सिद्धीस गेलं.

वहिनी सोबत आली नाही. तिनं मला एका लिफाफ्यात शिवणाच्या टोपलीतला दोरेभुगा भरून दिला आणि दुसऱ्यात मी कॉलेजातून खडूची पूड नेली. दुकानाच्या दारावरच्या रखवालदारानं पांढरी पूड पाहिली आणि माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी आयुष्यभर विद्यार्थ्यांवर टाकत आलो आहे. आतल्या विक्रेत्या मुलीनं मात्र फार सहनशीलपणा दाखवला. मी प्रत्येक यंत्रासमोर दोन्ही लिफाफे पालथे करत होतो, ती सुरू करत होती, मी गुडघ्यांवर बसून मागच्या झरोक्याशी नाक नेऊन हुंगत होतो. पहिल्यानं दोरे खाल्ले, पण खडू माझ्या चष्म्यावर सोडला. दुसरं इतकं जड की ते उचलायला एक मेहुणे लागतील. तिसरं आवाज करत होतं, पण काम करत नव्हतं. मला आमच्या विभागप्रमुखांची आठवण झाली.

चौथं घेतलं. वजन तुझ्या कात्रीपेक्षा थोडंच जास्त, बिनतारेचं, चिंचोळी नळी आहे, डबा पारदर्शक, आणि आत दाट घड्यांचा धुता येणारा फिल्टर. खडूची पूड ओतून हुंगलं, काही आलं नाही. मग विक्रेत्या मुलीलाही हुंगायला लावलं. तीही नाही म्हणाली.

यासोबत बेचाळीस पानांची पुस्तिका आहे. तुला न येणाऱ्या भाषेत, मुंगीच्या अक्षरात. ती मी इथेच ठेवून घेतली आहे. तुझ्यासाठी तिचं सार काढून सात सूत्रं केली, पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर सुवाच्य उतरवली, आणि यंत्राच्या पार्सलमध्ये वरच ठेवली आहेत. टेबलासमोर डकव. नमुना म्हणून पाहा: चौथं, *पाण्याचा थेंबही ओढू नये.* पाचवं, *केस अडकल्यास बंद करून मगच काढावेत.* सहावं, *काम होताच डबा रिकामा, फिल्टर धुवून जागेवर.* बेचाळीस पानं सात ओळींत! जुन्या आचार्यांनी पाठ थोपटली असती. तुझी वहिनी म्हणाली की एवढा आनंद तुम्हाला लग्नातही झाला नव्हता.

कार्डाबाहेर आपलं डोकं चालवू नकोस. लहानपणी तू नेहमी माझं ऐकायचं सोडून पुढे पळायचीस. या वेळी अक्षरशः ऐक.

फुप्फुसं जपून वापरावीत, प्रेम सढळ.

दादा

*

९ मार्च

ती. दादास सा. न.

आलं, आणि घरचं झालं. हे त्याला फुरफुऱ्या म्हणतात. पहिल्या दिवशी मी ओव्हरलॉकच्या पायाशी धरलं आणि भुगा असा पळाला की मी हसत सुटले. हसू आणि खोकला एकाच वेळी आले तरी हसू आधी संपलं नाही. दातेरी पट्टीतून तर दहा वर्षांपूर्वीचा जांभळा दोरा निघाला. तो कुठल्या पडद्याचा ते मला आठवलं. तुझ्या पोथ्या, माझे दोरे.

कार्ड टेबलासमोर आहे. तू अक्षरशः ऐक म्हणालास ना, तर ऐक, मी अक्षरशः ऐकते. कामाच्या प्रत्येक बैठकीनंतर खोली ओढून घेते, म्हणजे दिवसातून तीनदा. तीनदा डबा रिकामा, तीनदा फिल्टर नळाखाली धुवून, दोनदा झटकून, लगेच जागेवर. आईची आठवण येते. तिचं म्हणणं, धुतलेलं ते चांगलं. शेजारीण म्हणाली की तुम्ही त्या फिल्टरला बाळासारखं न्हाऊ घालता.

डॉक्टरीणबाईंनी परत नळीत फुंकायला लावलं. आकडा दोनानं वाढला. शिट्टी कमी आहे. सकाळी तर नसतेच. बारापैकी तीन पडदे झाले.

दादा, मी इतकी घाबरले होते हे मला आत्ता, भीती जरा उतरल्यावर कळतं आहे. घाबरलेली असताना मी नुसती शिवत होते. तू दुकानात गुडघ्यांवर बसून हुंगत होतास, हे मनात आणलं की डोळे भरतात आणि लगेच हसूही येतं.

आशीर्वादाचा धागा तुटू नये.

भिंगरी

*

३ एप्रिल

ती. दादास सा. न.

महिनाभर लिहिलं नाही, कारण चांगलं लिहिण्यासारखं होईल अशी वाट पाहत होते.

खोकला परत आला. आता वेगळा आहे, कोरडा, आणि शिट्टीऐवजी छातीवर कुणी ताग्यांचा ढीग ठेवल्यासारखं वाटतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास थंडी वाजते, ताप येतो, सकाळपर्यंत उतरतो. वजन कमी झालं. परकराची नाडी दोन बोटं आत घ्यावी लागली, आणि मी शिवणारी बाई, मला दोन बोटं म्हणजे किती ते कळतं.

डॉक्टरीणबाई गोंधळल्या आहेत. घरात कबुतरं येतात का, भिंतीला ओल आहे का, गाद्या जुन्या आहेत का, सगळं विचारलं. काही नाही. औषध बदललं. मग त्या म्हणाल्या की मखमल सोडा, शिवणच सोडा, आता विचार करायला वेळ नाही.

मी त्यांना सांगितलं की मी खोली इतकी स्वच्छ ठेवते की जमिनीवर टाचणी पडली तर तिची सावली दिसते. ताप यायला लागल्यापासून तीनाचे पाच वेळा केलेत. फुरफुऱ्याला हल्ली पावसात राहिलेल्या फडक्यासारखा वास येतो, पण बिचारा राबतोही तेवढाच. मला वाटतं, मखमलीचाच वास त्याला लागला.

शिट्टी गेली तेव्हा मला वाटलं होतं, बाबा गेले, मी सुटले. आता वाटतं की शिट्टी ही नुसती सुरुवात असावी. बाबांची शेवटी शेवटी शिट्टीही वाजत नव्हती. आठवतं?

काय करू ते सांग. तू सांगशील तसं करीन.

भिंगरी

*

७ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एरवी मी एकाच वाचनात चुका काढून मोकळा होतो.

आठवतं. तू विचारलंस म्हणून सांगतो, शेवटच्या महिन्यात आवाज नव्हता, फक्त खांदे वरखाली व्हायचे. पण बाबांनी तेवीस वर्षं पिंजण खात्यात काढली. तिथे खिडक्या बंद ठेवायचे, कापूस उडू नये म्हणून. तुझ्या हाताशी यंत्र आहे. तुझी आणि त्यांची बरोबरी होत नाही. हे वाक्य मी तुझ्यासाठी लिहिलं आणि दोनदा स्वतःसाठी वाचलं.

मला सुचतं ते असं. मखमल फटींत बसली असणार. खोलीपुरतं थांबू नकोस, गादी, उशा, कपाटामागची जागा, सगळं त्या यंत्रानं घे. सकाळ-संध्याकाळ. फिल्टर नीट धुतेस ना? त्याला वास येत असेल तर साबण लावून धू. चार दिवस काम बंद ठेव आणि फक्त घर साफ कर. मग पाहू.

विनोद सुचत नाही. सुचला की पाठवीन.

दादा

*

१८ एप्रिल

आदरणीय दादांस सप्रेम नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. आमच्याकडे लॉगबुकात तीन ओळी लिहायच्या आणि सही करायची. चूकभूल समजून घ्यावी.

हिला परवा इस्पितळात ठेवलं आहे. ऑक्सिजन लावला आहे. बोलते, पण एका वेळी चार शब्द. तुम्हाला कळवू नका म्हणाली, म्हणून कळवतो आहे.

झालं ते क्रमानं सांगतो. तुमचं पत्र आल्यावर हिनं मशिनी बंद केल्या आणि नुसतं घर साफ केलं, अगदी उशांपर्यंत. ताप वाढला. मी म्हटलं, चल, माझ्या बहिणीकडे चार दिवस राहू. तिथे दुसऱ्या दिवशी ताप गेला. तिसऱ्या दिवशी जेवली. बहिणीच्या घरी जुने गालिचे आहेत, वर शेजारी सुतारकाम चालू होतं, सगळीकडे भुसा. तरी बरी होती. मी मनात नोंद केली. घरी आल्यावर हिनं पहिलं काय केलं तर फुरफुऱ्या काढून सगळं घर घेतलं. मी कामावर होतो. पाच तासांनी मला फोन आला की ओठ निळे पडलेत.

बिघाड शोधताना आम्ही एक विचारतो. दोष आला त्याच्या आधी नवीन काय बसवलं होतं? मी घरी जाऊन तो फिल्टर काढला. घड्या उघडून पाहिल्या. आत काळे ठिपके आहेत आणि बोट लावलं तर ओलं. दोन दिवस कुणी वापरला नव्हता, तरी ओलं. वास असा की मी तोंडाला रुमाल लावला.

कार्ड वाचलं. सहाव्या ओळीत लिहिलंय, फिल्टर धुवून जागेवर. मधलं काही नाही. तुम्ही रागावू नका. पण आम्ही कुणाच्या टिपणावरून बोल्ट फिरवत नाही, मूळ मॅन्युअल बघतो. ते तुमच्याकडे आहे असं ही म्हणते. त्यात फिल्टरबद्दल काय लिहिलंय तेवढं कळवा. फोन केलात तरी चालेल. मी शाफ्टमध्ये असलो तर लागणार नाही, तेव्हा दोनदा करा.

तुमचा,
मेहुणा

*

२० एप्रिल

प्रिय भिंगरी,

मेहुण्यांना मी सहा वेळा फोन केला. सातव्यांदा लागला. फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डॉक्टरीणबाईंच्या हातात द्या आणि कुणी तो उघडा हुंगू नका, एवढं सांगितलं. ते निघालेही. आता हे पत्र तुला, कारण जे फोनवर मेहुण्यांना सांगून भागतं, ते तुला सांगून भागत नाही. तुला मीच लिहून पाठवलं होतं, आणि आता पुरंही मीच लिहायला हवं.

पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर असं आहे. प्रत्येक वापरानंतर डबा रिकामा करावा. फिल्टर कचऱ्याच्या टोपलीवर हलके आपटून झटकावा, धुऊ नये. महिन्यातून एकदा गार पाण्यानं धुवावा, साबण वापरू नये. धुतल्यावर उघड्या हवेत किमान चोवीस तास वाळू द्यावा. आणि मग जाड ठशात, चौकटीत: ओला किंवा दमट फिल्टर कधीही बसवू नये, बुरशी धरते आणि ती यंत्रातून हवेत फेकली जाते. श्वसनाचा त्रास असलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी.

चौकटीत होतं, भिंगरी. मी ते वाचलं होतं. विसरलो असतो तर बरं झालं असतं. टेबलाच्या खणात माझा कच्चा कागद सापडला. त्यावर सहावी ओळ आहे: *काम होताच डबा रिकामा, फिल्टर मासिक धुवून, वाळवून जागेवर.* आणि त्यातले दोन शब्द मी काट मारून उडवले आहेत. का, ते सांगतो. ओळ कार्डाच्या कडेबाहेर जात होती. बाकीच्या सहा ओळी एका मापाच्या झाल्या होत्या आणि ही एकच लांब होती, डोळ्यांना खुपत होती. धुतलेलं वाळवायचं असतं हे कुणाला सांगायला लागतं, असं मी म्हटलं आणि काट मारली. आणि कार्डाबाहेर डोकं चालवू नकोस असं वर तुला बजावलं. तुझ्या डोक्यानं ते नक्की वाळवलं असतं.

हस्तलिखितं तपासताना एखाद्या जुन्या लेखनिकानं शब्द गाळला की मी समासात लाल पेन्सिलीनं खूण करतो आणि तुच्छतेनं हसतो. तीस वर्षं हसलो. त्यांच्या गाळलेल्या शब्दानं कुणाचा श्वास गेला नव्हता.

आणि मग तू विचारलंस, काय करू, तू सांगशील तसं करीन. मी सांगितलं, आणखी कर. साबणानं धू. उशांवरूनही फिरव.

फोन वाजला की वहिनी घेते. मला उठवत नाही. काल चुकीच्या नंबरावर कुणीतरी शिंप्याचं दुकान का म्हणून विचारलं, आणि तिनं फोन ठेवला तरी इस्पितळातून काय कळलं असं मी तिला विचारत राहिलो.

मी यावं की येऊ नये हे तू सांग. क्षमा मागत नाही, कारण मागितली की तू लगेच देऊन टाकशील, आणि एवढ्या पटकन ती मिळू नये.

दादा

*

६ मे

ती. दादास,

नमस्कार आहेच.

आज घरी सोडलं. तुझं पत्र मी इस्पितळात वाचलं. आधी ह्यांनी वाचून दाखवायला घेतलं होतं, चौकटीपाशी आले आणि थांबले, मग मी हातातून घेतलं.

तू क्षमा मागितली नाहीस ते बरं केलंस. मी दिली नसती. दोन दिवस मला तुझा इतका राग आला की ऑक्सिजनचा काटा हलला आणि नर्स धावत आली. मग राग सोडला. मोठ्या मनानं नाही, दम पुरेना म्हणून. दमेकऱ्याला रागावणं परवडत नाही. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला ठाऊक आहे. ते ठाऊक असूनही घड्यांमधले ते काळे ठिपके डोळ्यांसमोर येतात आणि मला वाटतं, दोन शब्द, दादा. दोन शब्दांनी कार्ड केवढं लांब झालं असतं? पण तीनदा धुवून ओला बसवणारी मीही होते. पिळलेलं कापडसुद्धा मी ओलं कधी घडी घालत नाही. तू म्हणालास म्हणून घातलं. यात माझाही वाटा आहे आणि तो मला ठेवू दे.

डॉक्टरीणबाईंनी फिल्टर तपासून घेतला. बुरशीच निघाली. छातीला त्याची ॲलर्जी झाली, फुप्फुसं सुजली. तीन महिने गोळ्या. सूज उतरेल. जेवढा भाग चिवट झाला असेल तेवढा परत मऊ होणार नाही. तो किती, हे ऑगस्टच्या तपासणीत कळेल. शिवणाचंही तेव्हाच सांगतील. बाबांसारखं होईल का, असं मी विचारलं. बाईंनी सांगितलं की ते वेगळं, हे वेगळं. मग म्हणाल्या की ऑगस्टपर्यंत थांबा. यातलं दुसरं वाक्य मला जास्त ऐकू येतं. आठ पडदे माझ्या हातून झाले, चार दुसऱ्या बाईला दिले. सभागृहात एकत्र टांगले की कुणाला फरक दिसणार नाही, मला दिसेल.

नवीन यंत्र आलं. या वेळी निवड माझी. इस्पितळातल्या खाटेवरून ह्यांना चार दुकानं फिरवली. याला धुवायचं काही नाही, आत बंद कागदी पिशवी असते, भरली की तशीच्या तशी टाकायची. पुस्तिका ह्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, छापखान्याचा पत्ता धरून. यापुढे तुला मला काही समजावायचं असेल तर लांबलचक लिही. कंटाळवाणं लिही. मला वेळ आहे.

अजून येऊ नकोस. आलास तर मी तुलाच धीर देत बसेन, आणि त्याला दम लागतो. जूनमध्ये ये. वहिनीला घेऊन ये, म्हणजे तुझ्याकडे बघायला कुणीतरी असेल.

हे पत्र मी कुठे बसून लिहिते आहे, ओळख. जिन्यात. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर मला बसवून हे वर गेले आहेत, नवीन यंत्रानं खोली घ्यायला. मी त्या वेळी आत असायचं नाही, आणि नंतरही अर्धा तास नाही, असा बाईंचा हुकूम. वरून आवाज येतो आहे. यंत्र वेगळं आहे, पिशवी वेगळी, सगळं मला समजलेलं आहे, तरी तो आवाज सुरू झाला तेव्हा मी कठडा घट्ट धरला आणि श्वास रोखून ठेवला. एक मजला खाली, बंद दाराबाहेर. शेजारीण जाताना विचारून गेली, बरं नाही का. मी म्हटलं, भावाला पत्र लिहिते आहे.

आवाज थांबला. आता अर्धा तास. नंतर सतरा पायऱ्या.

तुझ्यावर जीव आहेच. त्यात काटछाट केलेली नाही.

भिंगरी

ता. क. वर पोचले. किती वेळा बसले ते विचारू नकोस.